पांढरी पाचमधला नाताळ

माझी संगीताची आवड फार वरच्या दर्जाची आहे, ही गोष्ट आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. ती सर्वांना कळावी एवढ्याच हेतूनं मी संगीत समितीचं निमंत्रकपद स्वीकारलं. स्वीकारलं म्हणजे, वार्षिक सभेत सेक्रेटरींनी "या वर्षी कोण बघणार?" असं विचारल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी नेमका त्या वेळी पंख्याकडे बघत होतो.

माझ्या आवडीचा इतिहास थोडक्यात सांगतो. तपशिलात गेलो तर माझीच पंचाईत होईल. आम्ही मूळचे नगरकडचे. आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत मास्तर. घरात गाणं म्हणजे 'उपासना संगीत', त्यातले अभंग, ओव्या, साक्या, पेटी-तबल्यावर. नारायण वामन टिळकांची पदं तर आजी भाकऱ्या थापताना म्हणायची. कॉलेजात गेल्यावर मला या सगळ्याची लाज वाटायला लागली. वर्गातली पोरं म्हणायची, "तू ख्रिश्चन ना, मग गिटार वाजवत असशील," आणि आमच्या घरी खुंटीला टाळ! १९९१ साली मुंबईच्या मावसभावानं एमी ग्रँटची कॅसेट दिली तेव्हा कुठं मला आपण ख्रिस्ती असल्यासारखं वाटलं. तिचं 'बेबी बेबी' त्या वर्षी अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरावर होतं. बाई चर्चच्या गाण्यांतून वर आलेली, आणि या गाण्यात येशू औषधालाही नव्हता. तान्ह्या लेकीला बघून ते सुचलं असं ती सांगायची. पण व्हिडिओत लेकीच्या जागी एक देखणा तरुण होता. तिकडच्या भाविकांत गहजब झाला. मीही इथून त्यात सामील झालो. तरुण संघाच्या सभेत 'एमी ग्रँट कुठे भरकटली?' या विषयावर तावातावानं बोललो आणि घरी येऊन तीच बाजू रिवाइंड करकरून ऐकली. निषेध करायचा तर विषयाचा अभ्यास नको?

पुढं बॉब डिलनचा 'स्लो ट्रेन कमिंग' हाती लागला. १९७९ साली डिलन अचानक कडकडीत ख्रिस्ती झाला आणि त्यानं हा आल्बम काढला. त्याचा आवाज मला मुळीच आवडला नाही, पण तो आवडतो असं चारचौघांत सांगण्यात एक प्रतिष्ठा होती. चाळिशीनंतर मी बाखवर स्थिरावलो. बाखचं एक बरं असतं, नाव काढलं की समोरचा माणूस विषय बदलतो.

तर निमंत्रक झाल्यावर मी पहिलं काम नियमावलीचं केलं. त्याला कारण होतं. आधीच्या नाताळात तरुण संघानं एक गाणं म्हटलं होतं. त्यात 'तू', 'तुझी मिठी', 'तुझ्यावाचून' एवढंच होतं, आणि नेमकं कुणावाचून ते शेवटपर्यंत उलगडलं नाही. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मी ते नापसंतीचं लक्षण मानलं. शिवाय आधार माझ्याकडे होता. खुद्द अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस गॉस्पेल म्युझिक असोसिएशननं आपल्या डव्ह पुरस्कारांसाठी 'गॉस्पेल संगीत कशाला म्हणायचं' याची लेखी व्याख्या केली आणि तिच्या कसोटीवर काही बड्या कलाकारांची गाणी बाद ठरवली. तिथं जे बड्या कलाकारांच्या बाबतीत झालं ते कल्याणात आमच्या तरुण संघाच्या बाबतीत का होऊ नये?

माझी कलमं तीन होती. पहिलं, गाण्यात येशूचं नाव ठळक हवं. जे गाणं शेजारच्या इमारतीतल्या मुलीला चिठ्ठीत लिहून पाठवता येईल ते ख्रिस्ती नव्हे. दुसरं, चाल आणि वाद्य ख्रिस्ती हवं. फिल्मी चालणार नाही, भजनी चालणार नाही. तिसरं, एकच ओळ चारपेक्षा जास्त वेळा म्हणायची नाही. देवाला एकदा सांगितलेलं कळतं.

समितीत माझ्याशिवाय दोघं होती. एक निवृत्त संगीतशिक्षक, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात आणि जे उपासनेत तबला वाजवतात, आणि दुसरी तरुण संघाची कीबोर्ड वाजवणारी मुलगी. तिनं पहिल्या कलमावरच हात वर केला.

"अंकल, एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. ते बायबलमधून काढायचं का?"

"विषय गाण्यांचा आहे," मी म्हणालो.

"बरं, मग गीतरत्न घ्या. ते तर गाणंच आहे. त्यात येऊन-जाऊन प्रियकर आणि प्रेयसी. शेजारच्या इमारतीच्या परीक्षेत ते बसेल?"

गीतरत्नातले काही भाग शेजारच्या इमारतीत पाठवले तर तिथून पोलीस येतील, याची मला पूर्ण कल्पना होती. मी इतिवृत्तात 'पुढील सभेत विचार' असं लिहायला सांगितलं.

दुसऱ्या कलमाला सर बसले. सर हळू बोलतात, हा त्यांचा सर्वांत मोठा दोष. भरभर बोलणाऱ्याला मध्येच तोडता येतं. मी उदाहरण म्हणून बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मधली, वधस्तंभावरच्या येशूच्या रक्तबंबाळ मस्तकाची ती चाल सांगितली. म्हटलं, ही बघा शुद्ध ख्रिस्ती चाल. सर म्हणाले, "छानच आहे. हान्स लेओ हास्लरची. १६०१ सालची. मूळ गाणं एका मुलीनं मन सैरभैर केल्याचं आहे." मग पुढं म्हणाले, "बाखनं तर स्वतःचंच उचललं होतं. सॅक्सनीच्या राजपुत्राच्या वाढदिवसाला केलेलं संगीत त्यानं १७३४ च्या नाताळाच्या ओरेटोरिओत घातलं. शब्द बदलले, चाली त्याच. राजपुत्राचा वाढदिवस काय, येशूचा काय."

वाद्यांच्या बाबतीत मी रोमचा आधार काढला. आम्ही प्रॉटेस्टंट, पण अडीअडचणीला पोप चालतो. १९०३ साली दहाव्या पायस पोपनी चर्चमध्ये पियानोला बंदी केली आणि ढोल, झांजा असली गोंगाटी वाद्यंही मना केली. सर म्हणाले, "आणि दीडशेव्या स्तोत्रात देवाची स्तुती झांजा वाजवून करा म्हटलंय. पोपचं ऐकायचं की स्तोत्रसंहितेचं, ते समितीनं ठरवावं." कीबोर्डवाली खाली बघून हसली. मी तिला निमंत्रक या नात्यानं बघून ठेवलं.

"निदान पेटी तरी भजनी आहे, हे मान्य कराल?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. सरांनी चष्मा पुसायला घेतला. पेटी मूळची पॅरिसची, अलेक्झांद्र दबँ नावाच्या माणसानं १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. मोठा ऑर्गन बोटीनं आणणं परवडेना म्हणून मिशनऱ्यांनी ती हिंदुस्थानात आणली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचा पायाचा भाता हाताला आणला, म्हणजे मांडी घालून वाजवता येऊ लागली. मग ती नाटकात गेली, कीर्तनात गेली, देवळात गेली. आणि ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून तीस वर्षं तिला बंदी घातली. का, तर तिच्यात मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत, ती परकी आहे. "म्हणजे," सर म्हणाले, "विठ्ठलाच्या देवळातल्या पेटीवर तुमचा हक्क सांगायचा सोडून तुम्ही ती आपल्या चर्चमधून काढायला निघालात."

फिल्मी चालींचा विषय मी काढणारच नव्हतो, पण त्यांनी काढला. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. तीच पोरं पुढं मुंबईला येऊन हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली, अरेंजर झाली. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणाऱ्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव तर १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभच्या तोंडी आलं. थोडक्यात, आम्ही ज्याला 'फिल्मी' म्हणून नाकं मुरडतो त्यातलं निम्मं चर्चच्या दारातून बाहेर पडलेलं. "आणि भजनी म्हणाल," सर उठता उठता म्हणाले, "तर फादर स्टीफन्सनी १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. त्या इंग्रज माणसाला ओवी ख्रिस्ती वाटली, आणि तुम्हाला नगरमध्ये जन्मून वाटत नाही."

मतदान घेतलं. तिघांपैकी दोघं विरुद्ध गेली. माझं एक मत आणि निमंत्रकाचं एक, अशी आमचीही दोन झाली. बरोबरी झाल्यामुळे निमंत्रकाचं निर्णायक मत वापरावं लागलं. नियमावली बहुमतानं मंजूर झाली.

तिच्या चाळणीतून चार गाणी उरली, चारही इंग्रजी आणि चारही जड. तरुण संघाचं ते 'तुझ्यावाचून' पहिल्या आणि तिसऱ्या कलमाखाली गेलं. टिळकांचा एक अभंग दुसऱ्या कलमाखाली गेला, याचं सरांना वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम. 'जिंगल बेल्स' तर मी मोठ्या समाधानानं तिन्ही कलमांखाली बाद केलं. त्यात ना येशू, ना मरिया, ना मेंढपाळ. १८५७ साली जेम्स पियरपाँटनं ते छापलं ते घसरगाडीच्या सफरीचं गाणं म्हणून; नाताळ हा शब्दसुद्धा त्यात नाही. बर्फातून घोडा पळतोय, गाडी उलटतेय आणि लोक हसताहेत. याचा ख्रिस्तजन्माशी काय संबंध, आणि शहापूर तालुक्याशी तर त्याहून काय?

शहापूर तालुका मध्ये येण्याचं कारण म्हणजे उंबरमाळी. रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या मंडळीतले एक काका तिथं घर बांधून राहतात. त्यांच्या आईंना आता उपासनेला कल्याणपर्यंत येणं झेपत नाही, म्हणून दर नाताळात आमची कॅरल पार्टी त्यांच्या घरी जाते. इतकी वर्षं मी या पार्टीत नुसता फराळापुरता असे. या वर्षी पुढारी होतो.

नाताळाच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ. कल्याणला कसारा लोकल आली ती भरून. आमच्याकडे गिटार, कीबोर्ड आणि माझ्या खांद्याला सांताक्लॉजच्या झग्याची पिशवी. सांता होणारा मुलगा आधीच्या गाडीत चढला होता आणि ती गाडी आसनगावपर्यंतच होती, हे आम्हाला टिटवाळा गेल्यावर फोनवर कळलं. 'स्लो ट्रेन कमिंग' या शब्दांचा खरा अर्थ मला डिलनकडून कधी कळला नव्हता, तो त्या डब्यात कळला. एका पायावर उभा राहून कळला.

आम्ही शिरलो तो डबा भजनी मंडळाचा होता. टाळ, छोटी ढोलकी, खिडकीपाशी बुवा. रोजची मंडळी, कुणी मंत्रालयातली, कुणी पोस्टातली, कुणी कुर्ल्याच्या कारखान्यातली. आमच्या गिटारला त्यांनी लगेच मांडी दिली. खडवली गेल्यावर त्यांचा अभंग संपला आणि बुवांनी मान वर केली.

"नाताळाची पार्टी का? होऊ द्या तुमचं एखादं. आसनगावपर्यंत तुमचं, पुढं आमचं."

मी घसा खाकरून बोलणार तोच गिटारवाल्यानं तारा छेडल्या.

"पट्टी कोणती?" बुवांनी विचारलं.

"जी मेजर."

"म्हणजे पांढरी पाच," बुवा ढोलकीवाल्याला म्हणाले. त्यानं थाप मारून बघितली, मान हलवली. आणि पोरांनी सुरू केलं ते बाद केलेलं 'तुझ्यावाचून'. माझ्या देखत, दोन कलमं मोडून. मी डोळे वटारले, पण गाडीच्या गर्दीत वटारलेले डोळे पोचत नाहीत. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. मी बोटांवर मोजत होतो, बोटं संपली. वासिंदला टाळ मिळाले. पुढं-पुढं तर दारातली, जिन्यासारखी एकावर एक लटकलेली मंडळीही ओढून म्हणायला लागली.

"हे ब्येस आहे," बुवा म्हणाले. "लगेच तोंडात बसतं. आम्ही गजर असाच घेतो, चढवत चढवत. आणि नाव कुणाचं नाही घेतलंत ते बरं केलंत, ह्यांना पण म्हणता आलं."

पहिलं आणि तिसरं कलम असं एका वाक्यात आसनगावच्या अलीकडे निकालात निघालं. मला ते सहन होईना. म्हटलं, आता या लोकांना खरं ख्रिस्ती संगीत काय असतं ते ऐकवतो. 'अबाइड विथ मी'. आधी प्रस्तावना केली: १८४७ साली हेन्री लाइटनं लिहिलेलं, १८६१ ची मंकची चाल, गांधीजींचं आवडतं, २०२१ पर्यंत प्रजासत्ताक दिनाच्या बीटिंग रिट्रीटला वाजायचं. मंडळी आदरानं गप्प झाली. मी सुरू केलं.

इथं एक तांत्रिक अडचण सांगितली पाहिजे. हे गाणं चार आवाजांत म्हणायचं असतं, आणि मी कॉयरमध्ये बास म्हणतो. मूळ चाल बायका म्हणतात, आम्ही खालून टेकू देतो. वर्षानुवर्षं टेकू दिल्यामुळे मूळ चाल मला येतच नाही, हे मला दुसऱ्या ओळीला कळलं. तोवर परतीची वाट बंद झाली होती. एकाच सुरावर बराच वेळ थांबायचं, मग एक पायरी खाली उतरायचं, पुन्हा थांबायचं, असं मी सगळं कडवं म्हटलं. ढोलकीवाल्यानं दोनदा हात उचलून खाली ठेवला. सर खिडकीबाहेर आटगावच्या अंधारात काहीतरी शोधत होते.

गाणं संपल्यावर डब्यात शांतता. बुवा जरा पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "घरात कुणी...?"

आणि खिडकीजवळचे एक गृहस्थ उठले. "बसा, काका," म्हणाले.

कसारा लोकलमध्ये सायंकाळी मला कुणी उठून जागा दिली, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मी बसलो. खुलासा केला असता तर जागा गेली असती. आता मागं वळून बघताना बुवांचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. लाइट स्वतः मरणाच्या दारात होता तेव्हाचं हे गाणं, अर्ध्या जगात ते मयतीलाच म्हणतात. इंग्लंडात मात्र १९२७ पासून ते एफए कपच्या फायनललाही म्हणतात. तिथंही शेवटी कुणी ना कुणी हरतंच.

खर्डीनंतर उंबरमाळी. फलाट, थोडे दिवे, आणि पलीकडे घाटाकडून उतरणारी बोचरी थंडी. २०२१ च्या जुलैत इथं पाणी थेट फलाटाच्या कडेला लागलं होतं आणि रूळ दिसेनासे झाले होते, ते फोटो तेव्हा सगळ्यांनी बघितले. काका स्टेशनावर घ्यायला आले होते, त्यांनी चालता चालता तो प्रसंग पुन्हा सांगितला. तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईची तहान इथून भागते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. काकांचं हेही सांगून झालं. मी मात्र मनात गाण्यांचा क्रम लावत होतो.

घरावर कागदी चांदणी लावलेली. अंगणात शेजारपाजारची माणसं खुर्च्या घेऊन आली होती. दर वर्षी येतात. त्यांच्या दृष्टीनं हा गावातला कार्यक्रम. पोरं पुढं मांडी घालून. "सांता कुठंय?" हा पहिला प्रश्न. सगळ्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अंकलना उशी लागणार नाही," कीबोर्डवाली म्हणाली. "पोट आयतंच आहे."

बाखप्रेमी निमंत्रक लाल झगा घालून, कापसाची दाढी लावून अंगणात उभा राहिला. मी हातानं खूण केली, आणि सगळ्यांनी मोबाइल काढले. गाण्यांचे शब्द आम्ही ग्रुपवर पीडीएफ करून टाकले होते. कुणीही ते उघडून ठेवलेलं नव्हतं, आणि तिथं रेंज नव्हती. मोबाइलच्या पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं. एक पोरगा मोबाइल घेऊन आंब्यावर चढण्याच्या तयारीत होता, त्याला काकूंनी खाली ओढलं. मंजूर झालेल्या चारही गाण्यांचं पहिलं कडवं आम्ही कसंबसं म्हटलं. दुसऱ्याला पोचलं की सगळे 'ला ला ला'वर. आमच्या हल्लीच्या गाण्यांचं हे असंच आहे. ती चर्चच्या पडद्यावर येतात, आपण वाचतो, पडदा विझला की गाणं विझतं. मी मात्र त्या वेळी एवढा विचार केला नाही. दाढी तोंडात जात होती.

चौथ्या 'ला ला'नंतर पुढच्या पोरांनी एकसुरात मागणी केली, "जिंगल बेल!"

मी मान हलवली. पण सांतानं मान हलवली की पोरांना तो होकार वाटतो. आमच्यातल्या प्रत्येकाला ते गाणं पाठ होतं, अंगणातल्या प्रत्येकाला पाठ होतं; झेडपीच्या शाळेतसुद्धा ते शिकवतात. शेजारचा एक तरुण घरात जाऊन ढोलकी घेऊन आला. हा गडी गणपतीत वाजवणारा. त्यानं पियरपाँटच्या घोड्याला जो ठेका दिला त्यावर बर्फात चालणं शक्यच नव्हतं, नाचणंच शक्य होतं. काकांच्या नातवानं माझा हात धरला. मी नाचलो. नाचलो हे कमी सांगणं झालं. पट्टा सुटला, दाढी गळ्यात आली, आणि एका वळणावर मी दोन्ही हात वर करून गणपती विसर्जनातली ती ठेवणीतली पावलं टाकली, जी कॉलेजात असताना मी केवळ निरीक्षणासाठी शिकलो होतो. एक कुत्रं भुंकत माझ्याभोवती फिरत होतं. कीबोर्डवाली कीबोर्ड सोडून मोबाइल धरून उभी होती. रेंज नसली तरी कॅमेरा चालतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दम लागून मी ओट्यावर टेकलो तेव्हा आजींनी, म्हणजे काकांच्या आईंनी, आतून आपलं 'उपासना संगीत' मागवलं. निळ्या लुगड्याच्या तुकड्याचा अभ्रा शिवलेलं, कडा बोटांनी काळ्या झालेल्या. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि उघडलं नाही. नंबर सांगितला. नंबर ऐकून आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. एके काळी आमच्या लोकांत गाणी नंबरानं ओळखत, आता सरांशिवाय कुणाला नंबर येत नाहीत. सरांनी ढोलकी मागून घेतली. आजींनी सुरू केला तो टिळकांचा अभंग. मी दुसऱ्या कलमाखाली खोडलेला तोच. आवाज कापत होता, शब्द एकही चुकला नाही. दुसऱ्या कडव्याला शेजारचे दोघं धृपद धरायला लागले, ढोलकीवाला पोरगा टाळ्यांनी साथ करू लागला.

"तुकोबांचं का, आजी?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"टिळकांचं."

"लोकमान्यांचं?"

"त्यांचं नव्हं. आमच्या टिळकांचं."

इथं माझा अभ्यास कामी येणार होता. मी सांगू लागलो, की नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून येशूकडे आलो असं ते सांगत. म्हणजे तुम्ही अगदीच चुकला नाहीत, पुलाच्या अलीकडे थांबलात एवढंच. वाक्य फार चांगलं जमलं होतं. पण दाढी अर्धी तोंडात, अर्धी बाहेर. शेजाऱ्यांनी ते नीट ऐकलं नाही. "पाणी द्या ह्यांना," म्हणाले.

परतीच्या गाडीत सगळे पेंगत होते. खर्डी आलं आणि एकदम सगळ्यांचे मोबाइल वाजायला लागले. रेंज आली होती. म्हणजे पीडीएफ उघडलं, आणि व्हिडिओही गेला. मंडळीच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर, आणि कसा कोण जाणे, नगरच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर. कल्याण येईपर्यंत पाळकसाहेबांचं उत्तर आलं होतं: "देवाची स्तुती असो. नृत्यही फार सुरेख." या वाक्यात त्यांची पसंती किती आणि सूचना किती, यावर मी अजून विचार करतो आहे. भावकीच्या ग्रुपवर एका चुलत्यांनी विचारलं होतं, हा नाचणारा कोण आणि ह्याला पगार किती देता.

पुढच्या वार्षिक सभेत संगीत समिती कीबोर्डवालीकडे गेली. मला वाटलं, आता निदान विश्रांती. पण सेक्रेटरी म्हणाले, तुमच्यासारखा उत्साही माणूस मोकळा ठेवणं बरं नाही, आणि मला नाताळाच्या फराळ समितीत घेतलं. तिथं निमंत्रक महिला मंडळाच्या काकू. पहिल्याच बैठकीत यादी वाचली गेली: करंज्या, चकल्या, शेव, बेसनाचे लाडू, अनारसे. मी हात वर केला.

"हा सगळा दिवाळीचा फराळ आहे, काकू. यात नाताळाचं काय आहे?"

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या आजी नाताळात काय करायच्या?"

"करंज्या."

"मग सुकं खोबरं आणलंय, किसायला बसा."

मी बसलो. करंजी ख्रिस्ती आहे की नाही हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला आहे. पण सारणात खसखस घालावी की नाही याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते मी लेखी द्यायचं ठरवलं आहे. कलमं तीनच होतील.